पुसता न येणारी नोंद

संगणकावरचे खेळ म्हटलं की आपल्याकडची लिहिती-वाचती मंडळी लगेच नाक मुरडतात. पोरांचे उद्योग, दुसरं काय! त्यामुळे नाटकाचा इतिहास लिहिला जातो, सिनेमाचा लिहिला जातो, पन्नास वर्षं जुन्या झालेल्या या करमणुकीकडे मात्र मराठीत क्वचितच कुणी वळतं. आज तिच्यातल्या एकाच प्रकाराबद्दल लिहितो आहे. रोल-प्लेइंग गेम, खेळणाऱ्यांच्या बोलीत आरपीजी. यात तुम्ही एक पात्र घडवता. त्याच्यात ताकद किती, बुद्धी किती, ते तलवार चालवेल की मंत्र म्हणेल, हे तुम्हीच ठरवायचं. लढाया जिंकल्या की अनुभवाचे गुण मिळतात, पात्र एकेक लेव्हल वर चढतं, आणि दर लेव्हलला पुन्हा काहीतरी निवडावं लागतं. या निवडींची मिळून जी मोट बांधली जाते तिला 'बिल्ड' म्हणतात.

असा एखादा खेळ संपवायला पन्नास-साठ तास सहज लागतात. तरीही लोक तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दहाव्यांदा खेळतात. कादंबरी कितीही आवडली तरी आपण दहा वेळा वाचत नाही. (काही वेडे वाचतात, ते सोडा.) मग खेळच का? शस्त्रं पुष्कळ असतात, शेवट वेगवेगळे असतात, हे नेहमीचं उत्तर. माझं उत्तर जरा निराळं आहे आणि ते कचेरीतल्या सवयीतून आलेलं आहे. सरकारी नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारायची, शेजारी सही करायची. चुकलेला आकडा रेघेखाली दिसत राहिला पाहिजे. आरपीजीचा सगळा इतिहास मला या नियमाभोवती फिरताना दिसतो. खेळात झालेली नोंद पुसता यावी का? आणि यावी तर कुठली?

या खेळांची सुरुवात संगणकावर झालीच नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध झाला. एका खोक्यात तीन बारक्या पुस्तिका. टेबलाभोवती बसायचं, एकाने सूत्रधार व्हायचं, बाकीच्यांनी पात्रं. आमच्याकडच्या दशावतारात आख्यान ठरलेलं असतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. इथे आख्यानसुद्धा पुढे काय वळण घेईल ते कुणाला ठाऊक नाही. पात्राचे गुण सहा: ताकद, बुद्धी, शहाणपण, चिवटपणा, चपळाई आणि माणसांवर पडणारी छाप. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे, पडेल ते दान पदरात. नवख्या जादूगाराचा जीव म्हणजे तर एका फाशाचं दान. एक पडला की दारामागे दबा धरून बसलेला पहिलाच राक्षस त्याचा निकाल लावणार. मेलं पात्र की तो कागद बाजूला, नवा कागद, पुन्हा फासे. थोडक्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं हा खेळाचाच भाग होता. फक्त एक लक्षात ठेवायला हवं, सूत्रधार हा माणूस होता. त्याला दया येऊ शकत होती, एखादं दान न पाहिल्यासारखं करता येत होतं.

ती सोय संगणकात नाही. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नावाच्या शैक्षणिक संगणक-यंत्रणेवर विद्यार्थ्यांनी असे खेळ लिहायला सुरुवात केली. त्यातल्या एकाचं नाव 'पेडिट५'. हे खेळाचं नाव नव्हेच, एखाद्या कंटाळवाण्या फायलीचं वाटावं असं ते नाव आहे, आणि हेतूही तोच होता. यंत्रणा शिक्षणासाठी होती, म्हणून व्यवस्थापक खेळ दिसला की पुसून टाकत. फायलींच्या ढिगात भलतं काही दडवण्याची कला फक्त आपल्या कचेऱ्यांतच आहे असं समजू नये!

पण पुसण्याच्या प्रश्नाला खरा हात घातला तो 'रोग'ने. नाव इंग्रजी, अर्थ भामटा. लागला मात्र आपल्या रोगासारखाच. १९८० च्या सुमारास सांताक्रूझच्या विद्यापीठात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोघांनी तो लिहिला, पुढे बर्कलेचा केन आर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. त्यांची अडचण साधी होती. तेव्हाचे साहसी खेळ ठरीव असत. कोडी एकदा सुटली की संपलं, आणि ज्याने खेळ लिहिला त्याला तर पहिल्या दिवसापासून कसलंच नवल उरत नसे. म्हणून त्यांनी भुयाराचा नकाशा दर खेपेला संगणकालाच नव्याने काढायला लावला. चित्रं नाहीतच. ई-मेलच्या पत्त्यात असतं ते ॲटचं चिन्ह म्हणजे तुम्ही, आणि ए ते झेड ही सव्वीस अक्षरं म्हणजे राक्षस. खेळ अर्धवट सोडून उठता येत असे, पण परत येऊन बसलात की ती साठवलेली फाईल नाहीशी होई. म्हणजे सेव्ह ही पुस्तकातली खूण होती, विम्याची पॉलिसी नव्हती. मेलात की पहिल्यापासून.

'रोग'बद्दल बोलताना लोक दर वेळच्या नव्या नकाशाचं कौतुक करतात. ते बरोबरच आहे, पण मला वाटतं नकाशा ही नुसती सोय होती. खरा निर्णय मरण कायमचं ठेवण्याचा. तो घेतल्यावर तेच ते भुयार शंभरदा तुडवायला लावलं असतं तर माणसं पळून गेली असती, म्हणून नकाशा नवा.

१९८१ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांचा 'विझर्ड्री' ॲपलच्या संगणकावर आला. यात सहा पात्रांची तुकडी घेऊन भुयारात उतरायचं. निंजा बनवायचा तर सगळे गुण सतरा किंवा वर हवेत, त्यामुळे गुणांची वाटणी मनासारखी मिळेपर्यंत पात्रं बनवायची आणि फेकायची हा तासन् तासांचा उद्योग. पण गंमत मरणाची. मेलेल्याला देवळात नेऊन पैसे भरून उठवता येई. नाही उठला तर त्याची राख होई. राखेतूनही उठला नाही तर नाव पटावरून कायमचं कमी. अख्खी तुकडीच गारद झाली तर प्रेतं तिथेच पडून राहत, आणि त्यांना आणायला नवी तुकडी बांधून तिला तितकं खोल उतरावं लागे. हे सगळं फ्लॉपीवर त्या क्षणी लिहिलं जात असे. आणि म्हणूनच खेळणाऱ्यांनी लगेच पळवाट काढली. लढाई हाताबाहेर जातेय असं दिसलं की फ्लॉपी खेचून काढायची, यंत्राने नोंद करण्याआधी. शहाणी मंडळी तर आधीच फ्लॉपीची प्रत काढून ठेवत. खेळाडू आणि नोंद यांचं भांडण इतकं जुनं आहे.

जपानमध्ये याच खेळांनी युजी होरीला वेड लावलं, पण त्याने केलं ते अगदी उलट. मे १९८६ मध्ये आलेला त्याचा 'ड्रॅगन क्वेस्ट' घरातल्या टीव्हीला जोडायच्या फॅमिकॉम यंत्रासाठी होता, म्हणजे ज्यांनी असा खेळ जन्मात पाहिला नाही त्यांच्यासाठी. इथे मेलात तर राजासमोर उभे. निम्मे पैसे गेले, अनुभव मात्र शाबूत. त्यामुळे कितीही कच्चा खेळाडू असला तरी चिकाटीने राक्षस मारत राहिला की लेव्हल वाढणार, आणि आज भारी पडणारा शत्रू पुढच्या आठवड्यात चिरडला जाणार. कठीणपणा वेळेत विरघळून गेला. ज्येष्ठता यादीप्रमाणे बढती म्हणा ना! बिल्डसुद्धा नव्हतीच. पात्राची वाढ कशी व्हावी हे तुम्ही त्याला ठेवलेल्या नावाच्या अक्षरांवरून ठरत असे. नोंद ठेवायला मेमरी नव्हती, म्हणून खेळ वीस जपानी अक्षरांचा एक मंत्र देई. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. दुसऱ्या भागात तो बावन्न अक्षरांपर्यंत गेला. उतरवताना एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत गेली. मरणाला माफी देणारा खेळ हस्ताक्षराला माफी देत नव्हता.

होरीच्या वाटेने जपानी खेळ पुढे फार मोठे झाले. त्यांतल्या १९९५ च्या 'क्रोनो ट्रिगर'ने 'न्यू गेम प्लस' हा शब्द रूढ केला. खेळ संपल्यावर कमावलेलं बळ घेऊन पुन्हा पहिल्यापासून खेळायचं आणि वेगवेगळे शेवट पाहायचे. छान कल्पना आहे. पण बळ आयतं हातात असल्यामुळे दुसऱ्या फेरीत जिवाची धाकधूक उरत नाही, पर्यटन होतं.

पुन्हा खेळण्याचं कारण बिल्डमध्येच पेरून दाखवलं ते 'फॉलआउट'ने, १९९७ साली. टिम केन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा हा खेळ अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत घडतो. सात गुण, प्रत्येकात पाच, वर वाटायला आणखी पाच. एवढाच हिशेब. पण बुद्धी तीनवर आणलीत तर तुमच्या पात्राला धड बोलताच येत नाही! समोरचा माणूस काही विचारतो आणि तुमच्यापुढे उत्तर म्हणून नुसते हुंकार. उलट बोलण्यात तरबेज पात्र घेऊन गेलात आणि हाती पुरावा असला तर शेवटच्या महाखलनायकाला गोळी न झाडता, त्याची योजना कशी फोल आहे हे पटवून, स्वतःचाच अंत करायला लावता येतं. मग हा खेळ कठीण की सोपा? ते तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत भरलेल्या तक्त्यावर अवलंबून. कठीणपणाचं बटण मेन्यूत होतं खरं, पण खरा कठीणपणा त्या तक्त्यात होता. माझ्या मते या जातीच्या खेळांत याच्याइतकी बुद्धिमान रचना फार थोडी झाली.

आणि आता 'डायब्लो २'. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या पिढीने पुन्हा पुन्हा खेळला तो हाच.

पहिला 'डायब्लो' १९९६ च्या अखेरीस आला. त्याचा कर्ता डेव्हिड ब्रेविक हा 'रोग'च्या वंशातल्या खेळांचा भक्त. आधी त्याने आपला खेळही त्यांच्यासारखा पाळीपाळीने चालणारा केला होता. मागाहून तो सलग, डोळ्यांसमोर घडणारा झाला आणि माउसचा खटखटाट सुरू झाला. जून २००० मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात पाच वर्ग होते, पुढच्या वर्षीच्या जोडभागाने ते सात केले. प्रत्येक वर्गाला तीस कौशल्यं. एका लेव्हलला एक गुण, शेवटची लेव्हल नव्व्याण्णव. त्यात कामगिऱ्यांतून मिळणारे बारा धरून आयुष्यभरात जास्तीत जास्त एकशे दहा गुण. एका कौशल्यात वीस गुण घालता येत. आणि घातलेला गुण परत काढता येत नसे. बस्स, या शेवटच्या वाक्यात सगळं आलं.

कारण खेळ तीन पातळ्यांवर तीनदा खेळावा लागे: नॉर्मल, नाइटमेअर, हेल. नॉर्मलमध्ये काहीही चालतं. आगीची विद्या घेतलेली जादूगारीण तिथे रान पेटवत जाते. ती हेलमध्ये पोहोचते तेव्हा आगीचा शून्य परिणाम होणारे राक्षस समोर येतात, आणि तिच्याकडे आगीशिवाय काही नसतं. महिनाभरापूर्वी घेतलेल्या निर्णयाची वसुली अशी आता होते. जाणते खेळाडू म्हणून सुरुवातीचे गुण न वापरता साठवून ठेवत, तिसाव्या लेव्हलला बडी कौशल्यं उघडेपर्यंत. पगार न उचलता कुणी नोकरी करावी तसं! मरण इथे स्वस्त होतं. थोडी रक्कम जाई, वरच्या पातळ्यांवर थोडा अनुभव जाई आणि प्रेताजवळ जाऊन आपलं सामान उचलून आणायचं. (कायमच्या मरणाची हार्डकोअर पद्धत होती, पण ती शूरांसाठी.) म्हणजे 'रोग'चं बरोबर उलटं झालं. तिथे घटना पुसता येत नव्हती, इथे घडण पुसता येत नव्हती.

आमच्या भागात तेव्हा घरोघरी संगणक नव्हते. म्हापशाच्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने पैसे मोजून मी खेळायचो. सेव्ह त्या यंत्रावरच, यंत्र सगळ्यांचं. माझी एक जादूगारीण होती, बर्फ आणि वीज अशी बेतून वाढवलेली, सात गुण शिल्लक ठेवलेली. एका सोमवारी जाऊन बघतो तर कुणीतरी रविवारी तिच्यावर खेळून गेलेला, आणि सातही गुण आगीच्या एका कौशल्यात! मालकाला सांगितलं. तो म्हणाला, जिवंत आहे ना, मग काय बिघडलं? त्याला काय समजावणार? लुटली असती, मारली असती तरी चाललं असतं. ते भरून निघतं. ती मला हवी होती ती बाई राहिली नव्हती. मी नवी सुरू केली.

ऑक्टोबर २००३ मध्ये १.१० क्रमांकाची सुधारणा आली आणि हेच हजारो लोकांच्या बाबतीत घडलं. खालची कौशल्यं वरच्यांना बळ देतील असा नियम झाला आणि राक्षसही तगडे झाले. जुन्या नियमांवर शहाणपणाने बांधलेली पात्रं नव्या नियमात कुचकामी ठरली. नियम बदलला आणि लागू मात्र मागल्या तारखेपासून. नोकरशाहीत हे नवं नाही म्हणा. पण परिणाम काय झाला? लोकांनी शिव्या घातल्या आणि नवी पात्रं सुरू केली. माझ्या मते 'डायब्लो २' इतकी वर्षं जगला तो या अन्यायावर. बिल्ड पुसता येत नाही म्हणून दुसरी बिल्ड म्हणजे दुसरा जन्म. वरवर पाहता आळशी रचना, पण तिच्यामुळे प्रत्येक पात्राला व्यक्तिमत्त्व आलं.

मार्च २०१० मधल्या १.१३ सुधारणेने ते बंधन सैल केलं. पहिल्या गावातली आकारा नावाची जोगीण पहिल्या कामगिरीचं बक्षीस म्हणून सगळे गुण परत करू लागली, प्रत्येक पातळीला एकदा. माफक दया. २०१२ च्या 'डायब्लो ३'ने ती सगळीकडे उधळली. ताकद-बुद्धीचे गुण आपोआप, कौशल्यं हवी तेव्हा हवी तशी बदला. अज्ञानाची शिक्षा गेली हे चांगलंच झालं. पण त्याच वर्गाचं दुसरं पात्र बनवण्याचं कारणही गेलं. आणि सर्वांत वरची 'इन्फर्नो' पातळी सुरुवातीला इतकी निर्दय होती की निभाव लागायला सामान हवं, आणि सामान खेळातल्या लिलावघरात विकत मिळे. खऱ्या पैशानेही. कठीणपणाला किंमत-चिठ्ठी लागली. मार्च २०१४ मध्ये ते लिलावघर बंद केलं गेलं, बरं झालं.

दरम्यान जपानमध्ये हिदेताका मियाझाकीने पुन्हा घटनेकडे मोर्चा वळवला होता. २००९ चा 'डीमन्स सोल्स' आणि २०११ चा 'डार्क सोल्स' हे खेळ स्वतःच सतत सेव्ह करत राहतात. मागे जाऊन 'जरा वेगळं करून बघू' ही सोयच नाही. रागाच्या भरात एखाद्या दुकानदारावर तलवार चालवून तो मेला तर त्या फेरीपुरतं दुकान बंद. मेलात तर जमवलेलं सगळं तिथेच सांडतं. उचलायची एक संधी मिळते, वाटेत पुन्हा मेलात तर गेलं. कठीण-सोपं असं बटण नाही. यावरून वाद झडतात, पण 'फॉलआउट'प्रमाणेच इथेही बटण बिल्डमध्ये लपलेलं आहे. लांबून मंत्र फेकणारा आणि ढालीशिवाय भिडणारा हे दोघे एकच खेळ खेळत नसतात. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये लेव्हल एक, सगळे गुण दहा असा उघडावाघडा भणंग निवडता येतो, आणि काही जण शेवटपर्यंत एकही लेव्हल न वाढवता जातात. घडण बदलण्याची सोय यातही हळूहळू आली, पण मोजून मापून. 'एल्डन रिंग'मध्ये त्यासाठी लागणारे अश्रू साऱ्या खेळात ठरावीकच आहेत.

मग अलीकडचा 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे फासे पडद्यावर खडखडताना दिसतात, पन्नास वर्षांनी वर्तुळ पुन्हा टेबलाशी आलं. तुमच्या तळावर विदर्स नावाचा एक सुकलेला म्हातारा येऊन बसतो. शंभर मोहरा दिल्या की तो तुमचा वर्ग, गुण, सगळं नव्याने लिहून देतो, कितीही वेळा. योद्ध्याचा पुरोहित, पुरोहिताचा भामटा. चाळिशी उलटलेल्या, रात्री जेवणानंतर जेमतेम तास मिळणाऱ्या माणसाला हे वरदान आहे. तिसाव्या तासाला कळावं की आपली बिल्ड फसली आणि सगळं पहिल्यापासून करावं, एवढं आयुष्य आता कुणाकडे आहे? विशीत माझ्याकडे वेळ होता आणि पैसा तासाला मोजावा लागत होता. आता उलट.

पण याच खेळात ३० नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या सुधारणेने 'ऑनर मोड' आणला. एकच सेव्ह. बोललेला शब्द मागे घेता येत नाही, जुन्या सेव्हवर परतून पडलेला फासा बदलता येत नाही, बडे शत्रू नव्या युक्त्या घेऊन येतात, आणि तुकडी संपली की फेरी संपली. विदर्स मात्र तिथेही शंभर मोहरांत आपलं काम करतच असतो. म्हणजे तुम्ही कोण आहात ते पुन्हा लिहिता येईल, तुम्ही काय केलंत ते नाही. मला ही वाटणी न्याय्य वाटते. अज्ञानाने केलेली निवड माफ, जाणूनबुजून केलेली कृती कायम. 'डायब्लो २'वर प्रेम असूनही हे म्हणतो.

ऑनर मोड पुरा केला की बक्षीस काय, तर सोनेरी फासे. त्याने दान वाढत नाही, नुसते दिसायला सोनेरी. त्यासाठी शे-दीडशे तास घालणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातले काही जण लढाई हाताबाहेर जातेय असं दिसलं की खेळाची खिडकी झटक्यात बंद करतात, यंत्राने नोंद करण्याआधी. काढायला फ्लॉपी आता राहिली नाही.